जाम व्हॉल्व, स्लॉगिंग पाना आणि हेल्परचं बोट. तुमच्याकडे ही कामं कशी करतात?

बी_शिफ्ट_फिटर
११ जून २०२४, रात्री ११:५०

नमस्कार मंडळी. मी सहा वर्षं झाली एका केमिकल प्लांटमध्ये मेंटेनन्स फिटर आहे, आयटीआय करून अप्रेंटिसशिप तिथंच केली आणि तिथंच लागलो. कंपनीचं नाव सांगत नाही, रायगड जिल्ह्यात आहे एवढं पुरे. गेल्या गुरुवारी जे झालं ते डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय, थोडं लांबेल.

एका एक्स्चेंजरच्या लाईनवरचा सहा इंची गेट व्हॉल्व पासिंग होता, म्हणजे बंद करूनही आतून गळत होता, तो उतरवायचा होता. परमिट म्हणजे कामाची लेखी परवानगी होती, लाईन आयसोलेट म्हणजे बाकीच्यापासून तोडून ड्रेन केलेली होती, त्या बाजूने काही चूक नव्हती. फ्लॅंजला आठ स्टड, पाऊण इंची, नट गंजून स्टडशी एकजीव झालेले. त्याला ३२ चा स्लॉगिंग पाना लागतो, म्हणजे घण मारून फिरवायचा जाड पाना. टूलरूममध्ये ३२ चा नव्हता, दुसऱ्या एरियात गेलेला, ३६ चा मिळाला. मग सगळे करतात तेच आम्ही केलं, नट आणि पान्याच्या मध्ये हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा घातला आणि पाना टाईट बसवला. हेल्परने पाना धरला, मी पाच किलोचा घण मारत होतो. पहिले दोन घाव बरोबर बसले. तिसऱ्याला ब्लेडचा तुकडा तुटून उडाला, पाना नटावरून निसटून फिरला आणि त्याच्या डाव्या हाताचं पहिलं बोट पाना आणि शेजारच्या स्टडच्या मध्ये सापडलं.

हातात ग्लोव्हज होते, ते सुती, ठिपकेवाले. तो ओरडलाच नाही आधी, नुसता खाली बसला. ग्लोव्हज काढला तर नख ग्लोव्हजमध्येच राहिलं.

पोरगा २२ वर्षांचा आहे, कॉन्ट्रॅक्टरचा. मी त्याला घेऊन ओएचसीला, म्हणजे कंपनीच्या आतल्या दवाखान्यात, निघालो तर कॉन्ट्रॅक्टरचा सुपरवायझर मधेच आला, म्हणाला मी बघतो, आणि बाईकवर मागे बसवून गावातल्या एका दवाखान्यात घेऊन गेला. तिथं केसपेपरवर लिहून घेतलं "घरी दरवाजात बोट अडकले". हे मला त्या पोरानेच दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं. दोन टाके, पट्टी, गोळ्या, घरी बस आठ दिवस, रोजाचे पैसे मिळतील असं तोंडी सांगितलंय. आमच्या गेटवरच्या बोर्डावर अजून "अपघातविरहित दिवस" पुढे पुढे जातायत, रोज आत जाताना तो आकडा दिसतो आणि कसंतरी होतं.

आणि खरं सांगायचं तर दोन महिन्यांपूर्वी माझंही असंच झालं होतं, मी गप्प बसलो. स्टीमचा व्हॉल्व फिरेना म्हणून व्हॉल्व कीला तीन फुटी पाईप लावून ओढत होतो, की व्हीलवरून सटकली आणि पाईपचं टोक जबड्यावर आलं. एक दात हलतोय अजून. घरी सांगितलं पाय घसरून पडलो.

माझे दोन प्रश्न. जाम व्हॉल्व आणि गंजलेले नट तुमच्याकडे नेमकं कसं सोडवतात, म्हणजे पुस्तकातलं नको, हातानं करणाऱ्यांनी सांगा. आणि त्या पोराचं आता काय करता येईल? घण माझ्या हातात होता, त्यामुळे मला झोप लागत नाहीये.

---

बॉयलरहाऊस_काका
१२ जून २०२४, सकाळी ६:२०

बाळा, आधी ते झोपेचं. घण तुझ्या हातात होता पण ३६ चा पाना तुझ्या हातात कोणी दिला ते पण लिही कुठंतरी. मी ३४ वर्षं फिटर होतो, आधी साखर कारखाना मग पेपर मिल, रिटायर होऊन सात वर्षं झाली. माझ्या उजव्या हाताच्या करंगळीचं वरचं पेर नाही. १९९१ साली गेलं, पाईप रेंचमध्ये. तेव्हा मी पण गप्प बसलो होतो, म्हणून सकाळी उठल्या उठल्या हे लिहायला बसलोय.

पाना धरायचा नाही हाताने. एवढं एकच मी पोरांना सांगायचो. स्लॉगिंग पान्याच्या दांड्याला जाड सुताची दोरी बांधायची, दोन-तीन फूट लांब, आणि धरणाऱ्यानं घावाच्या रेषेबाहेर उभं राहून ती दोरी ताणून धरायची. पाना निसटला तर दोरीला झटका बसतो, बोटाला नाही. पहिल्यांदा बसवताना पाना हातानंच नटावर ठेवायला लागतो, मग हात काढायचा, मग मारणाऱ्यानं "हात?" विचारायचं आणि धरणाऱ्यानं "मोकळा" म्हणायचं. आमच्यात हे दर घावाला चालायचं, नवीन आलेल्यांना वेळकाढूपणा वाटायचा. ब्लेडचा तुकडा, पत्र्याची पट्टी हे मी पण आयुष्यभर केलं आणि ते साफ चूक आहे, नटाचे कोपरे खातं आणि मग तो नट कुठल्याच पान्याला ऐकत नाही. पान्याचा ओठ उघडलेला असेल, घणाचा दांडा डोक्यात हलत असेल, छिन्नीचं डोकं ठोकून ठोकून छत्रीसारखं पसरलं असेल तर ते परत करायचं. त्या छिन्नीच्या कडेचा तुकडा उडून आमच्यातल्या एकाचा डोळा गेला, छिन्नी धरणाऱ्याचा नाही, चार फुटांवर चहा घेऊन उभा होता त्याचा.

आता व्हॉल्व. लोक म्हणतात जाम झाला, पण का झाला ते बघत नाहीत. गेट व्हॉल्व गरम लाईनवर असताना घट्ट बंद केला आणि मग लाईन थंड झाली की व्हॉल्वची बॉडी आकसते आणि आतला वेज, म्हणजे वाट बंद करणारी तबकडी, तिच्यात पाचरीसारखा आवळला जातो. शटडाऊननंतर, म्हणजे प्लांट दुरुस्तीला बंद ठेवल्यावर, बॉयलरहाऊसमध्ये निम्मे वॉल (व्हॉल्व) याच कारणानं फिरत नाहीत. तिथं तू पाईप लावून जोर केलास तर एक तर स्पिंडल, म्हणजे व्हीलला जोडलेला दांडा, पिळला जातो नाहीतर व्हीलचा आरा तुटतो आणि तू मागे जाऊन पडतोस. त्याला ताकद नको, ऊब पाहिजे. बायपास असेल तर थोडी थोडी स्टीम देऊन दोन्ही बाजू सारख्या गरम होऊ द्यायच्या, मग तोच वॉल साध्या हातानं सुटतो. मी स्वतः सोडवलेत असे.

दुसरं, स्पिंडलला ग्रीस. उघडा स्पिंडल धूळ आणि ॲसिडच्या वाफा खात वर्षभर उभा असतो आणि आपण त्याच्याकडे शटडाऊनला बघतो. महिन्यातून एकदा पुसून ग्रीस लावलं आणि एक-दोन राउंड मागेपुढे केलं, अर्थात ऑपरेटरला विचारून, तर निम्मे पाईप लावायची वेळच येत नाही. आणि पूर्ण उघडला की अर्धा राउंड मागे आणायचा. नाहीतर पुढच्या शिफ्टचा माणूस येतो, त्याला वाटतं बंद आहे, तो उघडायला जोर लावतो, फिरत नाही, मग पाईप आणतो. तुझा दात असाच तर हलला नसेल?

स्टीमची लाईन उघडताना आधी ड्रेन. पाणी साचलेलं असतं, त्यावर एकदम स्टीम सोडली की ते पाणी गोळ्यासारखं पुढं जाऊन आपटतं. ७ किलो प्रेशरची स्टीम १७० डिग्रीची असते, गॅस्केट फाटलं की पळायला वेळ मिळत नाही. ड्रेनमधून कोरडी स्टीम यायला लागेपर्यंत वॉल अगदी पाव राउंडच्या वर उघडायचा नाही, आणि लाईनमध्ये टण टण वाजायला लागलं की तिथंच थांबायचं. आणि उघडताना तोंड स्पिंडलच्या समोर कधी ठेवायचं नाही, बाजूला उभं राहायचं.

---

टाके_आणि_पट्ट्या
१२ जून २०२४, दुपारी २:१५

मी हाताच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या विभागात काम करते. एमआयडीसीच्या पट्ट्यातले पेशंट आमच्याकडे रोज असतात, सोमवार आणि शटडाऊनचे महिने जास्त.

पहिल्यांदा त्या मुलाबद्दल. नख मुळापासून निघालं म्हणजे नखाखालची गादी फाटलेली असायची शक्यता खूप, आणि घणाच्या घावानं चेंगरलंय म्हणजे टोकाचं हाड फुटलेलं असू शकतं. एक्स-रे काढलाय का? तुमच्या पोस्टमध्ये कुठंच उल्लेख नाही. उघडी जखम आणि खाली फ्रॅक्चर असेल तर ते साधं टाके घालून सोडायचं प्रकरण नाही, हाडात इन्फेक्शन जाऊ शकतं. नखाची गादी नीट शिवली नाही तर नख आयुष्यभर वाकडं येतं, बारीक काम करताना दुखतं, आणि फिटरच्या हेल्परचं सगळं आयुष्य बोटांवरच आहे. गुरुवारी लागलंय, आज बुधवार. त्याला आजच्या आज कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलला न्या, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं का ते विचारा, आणि तिथं "कामावर, पाना निसटून" असंच सांगू दे. आम्हाला खरं कळलं तर उपचार बदलतो. दरवाजात अडकलेलं बोट आणि घणाच्या जोरानं चेंगरलेलं बोट आतून सारखं नसतं.

आता बाकीच्यांसाठी, कारण हे धागे लोक नंतर वाचतात. जखमेवर हळद, चहापत्ती, ग्रीस काढायची पावडर यातलं काही टाकू नका, ते सगळं आम्हाला आधी खरवडून काढावं लागतं. हाताला काहीही लागलं तर अंगठी पहिल्या मिनिटात काढा, सूज आली की कापावी लागते. आणि कामावर अंगठी नकोच, उडी मारताना ब्रॅकेटमध्ये अंगठी अडकून बोटाची कातडी मोज्यासारखी उतरलेली मी पाहिली आहे.

बोट पूर्ण तुटलं तर ते तुटलेलं बोट स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळा, गॉज सलाईनने ओलं, ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवायचं नाही, दुधात नाही, स्पिरिटमध्ये नाही. लोक चांगल्या मनानं बर्फात पुरून आणतात आणि ते गोठून वाया जातं.

आणि एक गोष्ट जी प्लांटमधल्या खूप कमी लोकांना माहीत असते. ग्रीस गन किंवा हायड्रॉलिक होजची बारीक धार बोटात शिरली तर बाहेरून फक्त टाचणी टोचल्यासारखं भोक दिसतं. पहिला तासभर फार दुखतही नाही. माणूस पुसतो आणि कामाला लागतो. आत मात्र तेल किंवा ग्रीस बोटाच्या आवरणातून तळहातापर्यंत गेलेलं असतं आणि संध्याकाळपर्यंत बोट काळं पडायला लागतं. लगेच ऑपरेशन करून धुवून काढावं लागतं, उशीर झाला तर बोट कापावं लागतं. होजची गळती हात फिरवून शोधू नका, पुठ्ठ्याचा तुकडा धरा. असं टोचलं तर त्या क्षणी निघा आणि डॉक्टरला "हाय प्रेशर" हे दोन शब्द सांगा.

---

बी_शिफ्ट_फिटर
१२ जून २०२४, दुपारी ३:०५

ताई, एक्स-रे काढलेलाच नाही. आत्ताच त्याला फोन केला, बोट ठणकतंय म्हणाला आणि पट्टीला वास येतोय. मी फर्स्ट शिफ्ट होतो, आत्ता सुटतोय, त्याला घेऊन जातो.

---

हक्काचं_बोला
१२ जून २०२४, रात्री ९:४०

मी युनियनचं काम करतो, ऑफिसात ईएसआयचे, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेचे, कागद भरणं हेच रोजचं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो.

पोराचा ईएसआयचा आयपी नंबर (विमा नंबर) आहे का ते आधी बघ. पगारातून पाऊण टक्का कापला जात असेल तर आहे. पगाराची मर्यादा महिना २१,००० आहे, हेल्पर त्याच्या आत असणार. कामावरच्या दुखापतीला आधी किती महिने वर्गणी भरली याची अट नसते, पहिल्या दिवशी लागलं तरी हक्क आहे. आणि कॉन्ट्रॅक्टरने वर्गणी भरलीच नसेल तर? तरीही पोराचा हक्क सुटत नाही, कायद्यात मुख्य मालक म्हणजे तुमची कंपनी जबाबदार आहे, कंपनीने भरायची आणि मग कॉन्ट्रॅक्टरकडून कापून घ्यायची. तुमच्या भागात ईएसआय लागूच नसेल तर कायद्यात भरपाईची वेगळी तरतूद आहे, तिथंही मुख्य मालक सुटत नाही.

मालकाने अपघाताचा रिपोर्ट भरायचा असतो, फॉर्म १२. तो भरला की टेंपररी डिसेबलमेंटचे, म्हणजे तात्पुरतं काम करता येत नाही त्याचे, पैसे सुरू होतात, सरासरी रोजाच्या ९० टक्के, डॉक्टर फिट म्हणेपर्यंत. पुढं बोटाचं टोक गेलं किंवा पेर गेलं तर मेडिकल बोर्ड टक्केवारी ठरवतं. कायद्याच्या तक्त्यातच लिहिलंय, अंगठ्याशेजारच्या बोटाचं हाड न जाता फक्त टोक गेलं तर ५ टक्के, एक पेर गेलं तर ९, अख्खं बोट गेलं तर १४. त्या टक्क्यांप्रमाणे दर महिन्याला पैसे, आयुष्यभर, नोकरी कुठेही करो. "दरवाजात अडकले" या दोन शब्दांत हे सगळं जातं. सुपरवायझरने आठ दिवसांचा रोज देऊन काय विकत घेतलंय ते पोराला समजावून सांग, त्याला खरंच वाटत असेल की आपल्यावर उपकार झाले.

कायद्यातच आहे, ४८ तास किंवा जास्त काम करता आलं नाही तर अपघात इन्स्पेक्टरला कळवावाच लागतो. कंत्राटी की कायम असा फरक त्यात नाही.

आत्ता काय करायचं. झालं तसं तारखेसकट, वेळेसकट, परमिट नंबरसकट एका कागदावर लिहा, तू साक्षीदार म्हणून सही कर. पोराचा अर्ज कंपनीच्या एचआरला आणि कॉन्ट्रॅक्टरला द्या, पोच घ्या. पोच देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने. एक प्रत ईएसआयच्या ब्रांच ऑफिसला. ग्लोव्हजचा फोटो असेल तर जपून ठेव. तू सही केलीस तर तुला त्रास होऊ शकतो हे मी लपवत नाही, पण तुझ्याशिवाय तिथं दुसरं कोणी नव्हतं.

---

लेबर_सप्लाय_कोकण
१३ जून २०२४, सकाळी ८:१०

मी स्वतः छोटा कॉन्ट्रॅक्टर आहे, ३५ माणसं आहेत. वरचं वाचून राग येईल पण बाजू सांगतो. एक रिपोर्टेबल, म्हणजे सरकारला कळवावा लागणारा, अपघात झाला की आमचं रेटिंग खाली जातं, पुढच्या वर्षी टेंडरला नाव नसतं. कंपनीतलेच लोक फोन करून सांगतात "बाहेरच बघ". माझ्याकडून पण एकदा असं झालंय, माणसाचा अंगठा होता, त्याचा सगळा खर्च मी केला, पण कागदावर काही नव्हतं आणि नंतर त्याला जेव्हा पकड येईना तेव्हा मी काही करू शकलो नाही. तो आता रिक्षा चालवतो, भेटला की मलाच बोलायला जड जातं. तेव्हापासून फॉर्म भरतोच. दोन कामं गेली त्यापायी, हे पण खरं.

पाना कंपनीचा, नट कंपनीचा, माणूस माझा. टूल्स चेक करायचा दिवस कंपनीनं आमच्या माणसांना पण दिला पाहिजे, आमची पोरं जे हातात मिळेल ते घेऊन जातात कारण नाही म्हणायची त्यांची हिंमत नाही.

---

जुबैल_शटडाऊन
१३ जून २०२४, सकाळी ११:३०

मूळ गाव कराड, नऊ वर्षं आखातात शटडाऊनची कामं करतोय. काकांनी दोरीचं सांगितलं ते एकदम बरोबर, इथं त्याचंच तयार हत्यार मिळतं, पाना लांबून धरायचा होल्डर, आणि लोड हलवायला काठी, पाईपला हात लावलेला दिसला तर काम थांबवतात. मोठ्या स्टडला हायड्रॉलिक टॉर्क रेंच असतो, पण त्यानं बोटं वाचतात असं समजू नका. त्याला एक आधाराचा पाय असतो जो शेजारच्या नटावर टेकतो, त्या दोघांच्या मध्ये बोट गेलं तर घणापेक्षा वाईट, कारण बटण दुसऱ्याच्या हातात असतं. आमच्याकडे ज्याचा हात रेंचवर त्याच्याच हातात रिमोट, हा नियम आहे.

मला मुद्दाम एक गोष्ट सांगायचीय जी आम्हाला टूलबॉक्स टॉकमध्ये, म्हणजे कामाआधीच्या सेफ्टीच्या बैठकीत, दर शटडाऊनला सांगतात. अमेरिकेत लुइझियाना राज्यात बॅटन रूजला एक्सॉनमोबिलची रिफायनरी आहे. २२ नोव्हेंबर २०१६. आयसोब्युटेन या पेटणाऱ्या गॅसच्या लाईनवर एक प्लग व्हॉल्व (आतला प्लग फिरवून उघडायचा), त्याचा गिअरबॉक्स बिघडलेला, व्हील फिरवून काही होईना. तिथली पद्धत होती की गिअरबॉक्स काढायचा आणि स्पिंडलला पाईप रेंच लावून फिरवायचा. आपल्यासारखंच अगदी. ऑपरेटरने गिअरबॉक्सच्या ब्रॅकेटचे चार उभे बोल्ट काढले. त्या जुन्या डिझाईनच्या व्हॉल्वमध्ये तेच चार बोल्ट व्हॉल्वचं वरचं झाकण पण धरून होते, म्हणजे आतलं प्रेशर अडवणारं झाकण. वरून बघणाऱ्याला ते फक्त ब्रॅकेटचे बोल्ट दिसतात. मग रेंच लावून फिरवला आणि प्लग वर निघून आला. गॅसचा ढग पसरला आणि अर्ध्या मिनिटाच्या आत पेटला. चार जण गंभीर भाजले. बाकीच्या बहुतेक व्हॉल्वचं डिझाईन वेगळं होतं, त्यांच्यात तेच बोल्ट काढले तरी काही झालं नसतं, म्हणून इतकी वर्षं ती पद्धत चालून गेली.

हे मी का सांगतोय, तर बोल्टला पाना लावायच्या आधी हा बोल्ट काय धरून ठेवतोय ते विचारा. ब्रॅकेट? बॉनेट म्हणजे व्हॉल्वचं झाकण? ग्लॅंड म्हणजे स्पिंडलभोवतीचं पॅकिंग दाबणारा भाग? ड्रॉइंग मागा, नसेल तर काम थांबवा. बॉनेट खोलायचं असेल तर लाईन ड्रेन झाली म्हणजे व्हॉल्व रिकामा झाला असं नाही, बंद गेट किंवा बॉल व्हॉल्वच्या पोटात लिक्विड अडकून राहतं, ॲसिड असेल तर तेच तोंडावर येतं. फ्लॅंज खोलताना आपल्यापासून लांबचा बोल्ट आधी ढिला करायचा, नट काढायचा नाही, दोन-तीन आट्यांवर ठेवायचा आणि फट पाडायची, जे काही आत असेल ते पलीकडे जाऊ दे.

स्प्रिंगवाला न्यूमॅटिक ॲक्चुएटर, म्हणजे हवेच्या दाबावर व्हॉल्व फिरवणारं यंत्र, असेल तर अजून एक. एअर काढली की तो आपोआप फिरतो. बटरफ्लाय व्हॉल्वच्या फिरत्या डिस्कमध्ये गॅस्केट बघायला बोट घातलेलं असताना कोणी एअरचा कॉक बंद केला तर ते बोट गेलंच. आणि त्याच्या एंड कॅपचे बोल्ट सहज म्हणून उघडू नका, आत दाबलेली स्प्रिंग असते.

---

बॉयलरहाऊस_काका
१३ जून २०२४, संध्याकाळी ७:००

कराडकर, पोटात अडकलेलं लिक्विड हे फार महत्त्वाचं सांगितलंत. आमच्याकडे कॉस्टिकच्या वॉलचं तसं झालं होतं, चष्मा होता म्हणून डोळे राहिले, मान भाजली. चष्म्याच्या वर फेस शिल्ड पण पाहिजे अशा कामाला.

एक ग्राइंडरचं राहिलं. गंजलेला नट सुटत नाही म्हटलं की आता पोरं सरळ चार इंची ग्राइंडर आणतात, गार्ड काढून, कारण गार्ड असला की फ्लॅंजच्या खाचेत जात नाही. आणि बाजूचा हॅंडल पण काढलेला असतो. ते चाक मिनिटाला ११,००० फेऱ्या मारतं. अडकलं की ते मशीन तुमच्याकडेच येतं, आणि एका हातानं ते अडत नाही. नट कापायचाच असेल तर नट स्प्लिटर मिळतो, हळू चालतो पण ठिणगी नाही आणि चाक नाही. डिस्कच्या मधल्या पत्र्यावर एक्स्पायरी छापलेली असते ती पण बघत जा, टूलरूममध्ये ओलीत पडलेल्या जुन्या डिस्क बघितल्या की माझ्या पोटात गोळा यायचा.

बाळा, पोराचं काय झालं ते कळव.

---

बी_शिफ्ट_फिटर
१९ जून २०२४, रात्री १२:३०

उशीर झाला कळवायला, सगळ्यांना सॉरी.

त्या दिवशी संध्याकाळीच त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी घेऊन गेलो. एक्स-रेमध्ये टोकाच्या हाडाचे तीन तुकडे होते आणि पू झाला होता. ताई, तुम्ही म्हणाल्या तेच. ऑपरेशन करून साफ केलं, नखाची गादी परत शिवली, बारीक तार घातलीय. डॉक्टर म्हणाले अजून तीन-चार दिवस गेले असते तर पेर काढावं लागलं असतं. बोट राहील, टोकाला संवेदना किती येईल ते नंतर कळेल. केसपेपरवर या वेळी खरं लिहिलंय, मी शेजारी उभा राहून लिहून घेतलं.

अर्ज दिला. एचआरने पहिल्या दिवशी पोच दिली नाही, दुसऱ्या दिवशी रजिस्टर पोस्टाची पावती दाखवली तर दिली. मला केबिनमध्ये बोलावलं होतं, तू कशाला यात पडतोस असं एका साहेबांनी विचारलं. मी म्हटलं साहेब घण माझ्या हातात होता, मी नाही पडलो तर कोण पडणार. काही बोलले नाहीत. काल फॉर्म १२ भरल्याचं कळलं. आयपी नंबर त्याचा निघाला, वर्गणी तीन महिने भरलेली नव्हती, ती आता भरतायत म्हणे. सेफ्टी ऑफिसर मॅडमनी मात्र स्वतःहून येऊन माझा जबाब घेतला आणि ब्लेडच्या तुकड्याचं पण लिहून घेतलं, माझी चूक लपवली नाही आणि ३२ च्या पान्याचं पण लपवलं नाही. गेटवरचा आकडा आज सकाळी शून्य होता. कोणीतरी माझ्याकडे बघून मान फिरवली पण मला ते बरं वाटलं.

टूलरूममध्ये मी आणि स्टोअरवाल्या दादांनी शनिवारी सगळे स्लॉगिंग पाने बाहेर काढले. ४१ निघाले, त्यातले ९ ओठ उघडलेले, ते कापून भंगारात टाकले म्हणजे परत कोणी उचलणार नाही. ३२ चे दोन नवीन मागवलेत. काका, प्रत्येक पान्याला दोरी बांधलीय, सुताची, जाड. आज पहिल्यांदा त्या दोरीवर काम केलं, तोच व्हॉल्व, राहिलेले पाच स्टड. नवीन हेल्पर होता, त्याला "मोकळा" म्हणायला लाज वाटत होती, चौथ्या घावापासून म्हणायला लागला.

दाताचं उद्या दाखवतोय. बायकोला पण खरं सांगितलं.